लॅपटॉप घेताना

आमची कन्या या निवासी शाळेतून दहावी झाली आणि पुढे नीट परीक्षा देऊन येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या घाटीत, दाखल झाली. पाठोपाठ लॅपटॉपचा विषय निघाला. मुलगी डॉक्टर होणार, तेव्हा सर्वांत महागडा घ्यावा, असा आप्तेष्टांचा आग्रह. आम्हा उभयतांचा संसार वाळूजच्या कारखान्यातील पगारावर आणि शिवणकामावर चालतो. महागडा लॅपटॉप म्हणजे पतसंस्थेचे कर्ज. त्याचा भार धाकट्याच्या शिक्षणावर पडणार. म्हणून प्रतिष्ठा बाजूस ठेवून गरज किती, हे आम्ही याच शाळेतून वैद्यकीय शिक्षणास गेलेल्या ताई-दादांना विचारले.

त्यांनी समजावले ते असे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे मुख्य विषय. शरीररचना शिकायची ती विच्छेदन कक्षात आणि अस्थी हाती घेऊन. लॅपटॉप लागतो तो व्याख्यानांच्या चित्रफिती, पीडीएफ, सादरीकरणे आणि त्रिमितीय आकृत्या यांसाठी. त्यास ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरते. खेळांसाठीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्यास किंमत व वजन वाढते आणि बॅटरी लवकर उतरते. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष आंतरवासिता. तेव्हा वजन दीड किलोच्या आसपास असावे, रॅम पुढे वाढविता यावी आणि दुरुस्ती केंद्र शहरातच असावे, या तीन कसोट्या आम्ही ठरविल्या.

एका दादाने टॅब सुचविला. त्यावर आकृत्या हाताने काढता येतात, हे खरेच. परंतु कन्येचे म्हणणे निराळे होते. तिचे शिक्षण मराठीतून झालेले. इंग्रजी संज्ञेचा उच्चार ऐकायचा, अर्थ शोधायचा आणि शेजारीच मराठीतून टिपण करायचे, यासाठी तिला मोठा पडदा व कळफलक हवा होता. घाटीत जालना, बीड, परभणीकडून रुग्ण येतात. त्यांना आजार त्यांच्या भाषेत सांगता आला पाहिजे, म्हणून ती मराठी टिपणे जपते. हा विचार आम्हांस सुचला नसता.

बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. दाराशी आलेल्या शिक्षणापर्यंत पोहोचण्यास आमच्या घराला आणखी दोन पिढ्या लागल्या. म्हणूनच यंत्राच्या हप्त्यांपायी ते अडू नये, एवढीच आमची चिंता होती.

अखेर मध्यम किमतीचा लॅपटॉप रोखीने घेतला. उरलेल्या पैशांत ग्रंथ, एप्रन आणि स्टेथोस्कोप आला. ज्या पालकांपुढे आज हाच प्रश्न आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी पाल्यास एकच विचारावे : यावर तू नेमके काय शिकणार? त्या उत्तरावरून किंमत ठरवावी.