इंजिनाचा कट

‘हवा काढणे’ या वाक्प्रचारात मराठीने कुणाचे भले चिंतलेले नाही. सायकलच्या चाकातली हवा काढतात ती खोडसाळपणाने, आणि भर सभेत एखाद्याची हवा काढतात ती त्याहून अधिक खोडसाळपणाने. (वर्गात आमची हवा काढण्याचे काम शेवटच्या बाकावरची मंडळी निष्ठेने करीत असतात, तो विषय वेगळा!) तेव्हा थोरल्या बहिणीचा मुलगा मला म्हणाला, “मामा, चालू इंजिनातली हवा काढायची आणि ती बेताने काढली जाते की नाही हे बघायचे, यात माझ्या कितीतरी रात्री जातात,” तेव्हा मला हसूच आले. हा भाचा विमानांच्या देखभालीचे काम करतो. आपण निजतो त्या वेळी तो विमानांची नाडी पाहत असतो.

विषय निघाला तो आईमुळे. तिचे वय शहात्तर, आणि दम्याची सोबत जुनी. धाकटी बहीण दिल्लीला. आगगाडीचा लांबचा प्रवास आईला आता सोसत नाही. डॉक्टरांनी तपासून विमानाला होकार दिला. पण आईचा होकार येईना. “वर म्हणे हवा विरळ असते. मग मी श्वास घ्यायचा तो कशाचा?” प्रश्न रास्त होता, आणि माझ्या एम. ए. च्या अभ्यासक्रमात त्याचे उत्तर नव्हते. मी भाच्याला बोलावून घेतले.

तो आजीसमोर मांडी घालून बसला आणि सांगू लागला. पस्तीस हजार फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, बाहेर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पावपट उरतो आणि थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या पलीकडे जाते. ती हवा छातीला पुरणार नाही. पण इंजिन तीच हवा गिळते. आत पात्यांच्या चक्रांच्या रांगा एकामागे एक असतात, आणि प्रत्येक रांग हवेला थोडी अधिक दाबते. दाबली की हवा तापतेही. अशी घट्ट झालेली हवा शेवटी इंधनाबरोबर जळायची असते. तिथे पोचण्याआधीच तिच्यातली थोडी बाजूच्या भोकांतून काढून घेतात, निववतात आणि प्रवाशांकडे पाठवतात. याला इंग्रजीत ‘ब्लीड’ म्हणतात, म्हणजे चक्क रक्त काढणे! आपल्याकडे तुंबडी लावीत तशातलाच प्रकार.

आईने कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम म्हणाली, “तुंबडी कसली? हा तर पुरणाचा कट!”

भाचा माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या पिढीला कटाची आमटी ओरपायचीच ठाऊक. आईने त्याला समजावले. हरभऱ्याची डाळ शिजत घालायची ती पुरणासाठी. तिचे वरचे पाणी, तो कट, आमटीला काढून घ्यायचा. पण कटाबरोबर शिजलेली डाळ किती जाऊ द्यायची यात सुगरणीची परीक्षा. अजिबात गेली नाही तर आमटी पाणचट. फार गेली तर पुरण कमी भरते आणि सासू बोलते.

“आजी, आमची सासू म्हणजे इंधन!” भाचा म्हणाला. काढलेल्या हवेवर इंजिनाची मेहनत खर्च झालेली असते. जितक्या मागच्या रांगेतून हवा घ्यावी, तितकी ती महाग. म्हणून बोइंग ७३७ च्या ज्या इंजिनाला सीएफएम ५६-७बी म्हणतात, त्यात हवा होता होईतो पाचव्या रांगेतून घेतात. इंजिन मंद फिरू लागले आणि पाचवीचा दाब अपुरा पडू लागला, तरच नवव्या रांगेची झडप उघडते. काढलेली हवा इतकी तापलेली असते की पहिल्यांदा निववूनही ती दोनशे अंशांच्या घरात असते. तिच्यातलीच थोडी पंखांच्या कडांवर बर्फ धरू नये म्हणून तिकडे जाते.

आणि कधी कधी इंजिनाच्याच जिवासाठी हवा सोडून द्यावी लागते, हे मला सर्वांत नवल वाटले. इंजिन मंद असताना पुढच्या रांगा हवा आत लोटतात, पण ती पुरती दबत नाही, आणि मागच्या अरुंद वाटेत मावत नाही. दादरच्या पुलावर दोन गाड्यांची गर्दी एकदम चढावी तसे होते. तुंबलेली हवा उलटी उसळली तर तोफेसारखा आवाज होतो. म्हणून मधली झडप उघडून काही हवा बाहेर जाऊ देतात.

आई उठून गेल्यावर भाच्याने आवाज उतरवून दुसरी गोष्ट सांगितली. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात ही ब्लीडची कळ लावायचीच राहून गेली. इंजिने ठणठणीत होती, विमान चढत होते. फक्त आत हवा येत नव्हती. काही प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले, आणि विमान मुंबईला परत आणावे लागले. तेव्हापासून ‘ब्लीड’ या शब्दाबद्दल मला विनोद सुचत नाही.

हा कट काढूच नये असेही काहींना वाटले. २०११ पासून प्रवाशांच्या सेवेत असलेल्या बोइंग ७८७ मध्ये प्रवाशांची हवा विजेवरचे वेगळे कॉम्प्रेसर दाबतात. आईच्या भाषेत वेगळी चूल मांडली. वीज मात्र त्याच इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रांची. वेगळ्या चुलीला सरपण एकाच घरचे!

शेवटी आई निघाली, सोबतीला मी. आमचे विमान भाच्याने सांगितलेल्या ७३७ च्याच घराण्यातले होते. आतली हवा अगदी जमिनीसारखी नसते, फार तर आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी इतपत विरळ होऊ देतात. म्हणजे कळसूबाईच्याही वर. हे मी तिला सांगितले नाही. तिच्या हातात पंप होता; तो तिने एकदाही तोंडाला लावला नाही, आणि मी मात्र दर पाच मिनिटांनी तिच्या छातीकडे पाहत होतो.

दिल्ली जवळ आली. इंजिनाचा आवाज एकाएकी मऊ झाला.

“आता कितव्या रांगेतली रे?” आईने विचारले.

“नवव्या असावी.”

“म्हणजे डाळ जाते आहे,” ती हळहळली, आणि शाल सावरून खिडकीतून खाली पाहू लागली.