करडे मावळे

दिवाळीच्या बाजारात मिळणाऱ्या मावळ्याकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? चेहरा गुलाबी, मिशी नवरदेवाची, आणि एक डोळा शत्रूवर तर दुसरा फराळाच्या ताटावर. असल्या सैन्याच्या जिवावर गड राखायचा म्हणजे कठीणच. म्हणून यंदा नातवाच्या किल्ल्यासाठी मी धाराशिवच्या एका कुंभाराकडून कोरे मावळे आणले आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या रंगात रंगवायला घेतले.

कृती सोपी आहे. आधी अख्खा मावळा काळा करायचा. वाळला की खोबणी सोडून गडद करडा. मग ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिकट करडा नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. शेवटी, ऊन वरून पडते आहे असे समजून पागोटे, नाकाचा शेंडा, खांदे आणि ढालीची कड एवढ्यांनाच पांढरा. डोळे काढायचेच नाहीत. भुवईखालची सावली ते काम परस्पर करते.

बाबुराव पेंटरांनी 1923 साली 'सिंहगड' हा मूकपट काढला, तेव्हा रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले होते. त्यातले मावळेही काळे-पांढरेच. त्यांच्या रंगाबद्दल कुणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या घरात मात्र झाली. "गडावर सुतक पडलंय की काय?" ही म्हणाली.

किल्ला नळदुर्गाचा होता. बोरी नदीवरचा बंधारा विटेचा, त्यातला पाणी महाल काड्यापेटीचा. शेजारच्या गुरुजींनी चष्मा वर सारून विचारले, "अहो, हा महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. इथं मावळे कुठले?"

"आत्ताच जिंकलाय," नातू म्हणाला. इतिहास तिथेच मिटला.

संध्याकाळी पणत्या लागल्या. ही बुरुजावरच्या एका भालेवाल्यासमोर बराच वेळ उभी होती.

"अण्णांची मान अश्शीच हाय बघा. डावीकडं कललेली."

अण्णा म्हणजे माझे सासरे. फौजेत होते. ही चार वर्षांची असताना गेले. वर्दीतला एकच फोटो मागे राहिला, तोही काळा-पांढरा. वडील गोरे होते की सावळे, हे हिला आजही सांगता येत नाही.

सकाळी बुरूज रिकामा! नातवाने घर डोक्यावर घेतले. भालेवाला मला दिसला होता, फोटोच्या चौकटीपाशी, उदबत्तीच्या घराशेजारी. मी पेपर वर धरला.

"आजी, आपला पहारेकरी कुठं गेला?"

"रजेवर," ही म्हणाली, आणि चकलीचा सोऱ्या पिळत राहिली.