लाल दिवा

लाल दिव्याची गाडी आमच्या घराण्यात कुणाच्या नशिबी नव्हती. 1994 साली ती माझ्या नशिबी आली. फरक इतकाच, की दिवा टपावर नव्हता, आत डॅशबोर्डवर होता. टपावरचे दिवे 2017 साली सरकारनेच उतरवले. आतले अजून लागतात.

गाडी प्रीमियर पद्मिनी, दोन मालकांच्या हाताखालून आलेली, शाळामास्तराला परवडेल अशी. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा केव्हाच मेला होता. त्या साली दिवाळीनंतर आईला घेऊन सावंतवाडीला मावशीकडे गेलो. परतताना दाणोली मागे टाकून आंबोलीचा घाट चढू लागलो आणि डायनामोचा लाल दिवा लागला. मी हिशेब केला : बॅटरी भरत नसेल. दिवसाउजेडी हेडलाइट लागत नाहीत. गाडी बंदच केली नाही, तर बेळगाव गाठू. चार-पाच वळणे गेलो नाही तोच बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन बसले.

आई उतरून कठड्यावर टेकली. पायांत वडिलांच्या जुन्या चपला. "हे काय ध्यान!" म्हणून मी हसलो. तीही हसली, पण बोलायला तिला दम पुरेना. वय झाले, असे मी धरून चाललो आणि पुन्हा बॉनेटकडे वळलो.

एका ट्रकवाल्याने दोर बांधून गाडी आंबोलीपर्यंत ओढली. दुसऱ्या दिवशी ती टिळकवाडीत, आमच्या मेस्त्रींच्या दारात पोचली.

"सर, दिवा लागला तवा काय केलासा?"

"चालवत राहिलो. बॅटरीचाच दिवा ना?"

"दिवा बॅटरीचा, दुखणं पट्ट्याचं. ह्योच पट्टा डायनामो फिरवतोय, पाण्याचा पंपबी ह्योच फिरवतोय. पट्टा तुटला की दिवा लागतोय, आन् पाणी फिरायचं बंद. बॅटरी घरापतोर पुरली असती; इंजिन कुठलं पुरतंय!"

हेडचे गॅस्केट गेले होते. ते बदलून झाल्यावर मेस्त्रींनी किल्ली अर्धीच फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत राहिले. डायनामोचा दिवा लागला, ऑइलचा लागला नाही. मला वाटले, उत्तम!

"उत्तम कुठलं? इंजिन बंद हाय, म्हणजे ऑइलला दाब न्हाई. आत्ता दिवा लागायलाच पायजे. सुरू झाल्यावर दाब आला की विझावा."

त्यांनी इंजिनावरच्या ऑइल स्विचची वायर काढून बॉडीला टेकवली. दिवा लागता, तर दोष स्विचचा. लागला नाही, म्हणजे वायर नाहीतर बल्ब. डॅशबोर्डमागे हात घातला, तर होल्डरमध्ये बल्बच नव्हता. आधीच्या कुणीतरी गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून तो काढून ठेवला असावा. नवा बसवल्यावर तापलेल्या इंजिनावर, गाडी उभी असताना तो लुकलुकू लागला. दाब मोजून मेस्त्रींनी निदान केले : बेअरिंगे झिजलेली.

"लागलेला दिवा बरा, सर. न लागणाऱ्याला भ्यावं."

संध्याकाळी घरी आलो. उंबऱ्याबाहेर वडिलांच्या चपला होत्या.

"आई, तुझ्या चपला कुठं गेल्या?"

"घट्ट होतात रे. संध्याकाळी पाय सुजतात."

"कधीपासून?"

"झाले चार-पाच महिने."

मग एकेक कळत गेले. रात्री आडवे पडले की दम लागतो, म्हणून ती दोन उशा घेत होती. जिना चढताना मध्येच देवाचे नाव घेण्याच्या निमित्ताने थांबत होती. "सांगितलं का नाहीस?" विचारले, तर म्हणाली, "तुला शाळा, त्यात ती गाडी. किती व्याप!" डॉक्टरांनी तपासून सांगितले, हृदय कमजोर झाले आहे, अंगात पाणी साठते आहे. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झाले. त्यानंतर आई सहा वर्षे होती, बहुतेक दिवस स्वतःच्या चपलांत.

आता मुलाच्या गाडीत इंजिनाचे पिवळे चित्र लागते. लाल लागले तर थांबायचे, पिवळे लागले तर बेताने गॅरेज गाठायचे. तिथला पोरगा यंत्र जोडून दोषाचा आकडा वाचतो. आकडा तक्रार कुठली ते सांगतो; पट्टा, वायर, पाइप माणसालाच बघावे लागतात. मी मात्र अजून किल्ली अर्धी फिरवून थांबतो आणि दिवे मोजतो.

दिवाळीला बहीण माहेरी येते. "बरी आहेस ना?" म्हटले की "अगदी छान" म्हणते. मी मान डोलावतो, आणि दारातल्या तिच्या चपला बघून येतो.