आज्याच्या पेटीतलं अवजार

जुनं अवजार ओळखायचं असेल तर आकारापेक्षा झीज पाहावी. आकार फसवतो. वाकसाचा दांडा कुठे गुळगुळीत झालाय, पटाशीची मूठ ठोकून ठोकून फुटलीय का, हे पाहिलं की ते अवजार काय काम करत होतं ते कळतं.

आज्याची पेटी माझ्याकडे आली तेव्हा रंधे, गिरमिट, खतावणी सगळं ओळखीचं होतं. एकच वस्तू वेगळी होती. एका बाजूला कुऱ्हाडीसारखं आखूड पातं, दुसऱ्या बाजूला हातोड्याचं तोंड, दांडा जेमतेम हातभर. चिखलदऱ्याच्या पावसात लोखंड काय टिकणार! गंज चांगलाच चढला होता. रॉकेलमध्ये भिजवून काथ्यानं घासलं, तेव्हा तोंडावर एक गोल उमटला आणि त्यात दोन उठावदार अक्षरं दिसली, तीही उलटी.

खिळे ठोकणाऱ्या हातोड्याचं तोंड किंचित फुगीर असतं आणि त्यावर चरे पडतात. इथे अक्षरांच्या कडा अजून टोकदार होत्या. म्हणजे हे अवजार लोखंडावर कधी पडलंच नव्हतं. सागाचा एक तुकडा घेऊन त्याच्या आडव्या छेदावर एक घाव घातला. अक्षरं सुलट उमटली.

गल्लीतल्या, वनखात्यात काम केलेल्या म्हाताऱ्या नाकेदारांना दाखवलं, तर ते हसले. ‘‘हा तं हॅमर होय बाप्पा! याच्याबिगर कूपातलं झाड पडत नोतं.’’

कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तोडायची झाडं आधी निवडली जात. पात्यानं साल तासायची आणि उघड्या लाकडावर शिक्का मारायचा. एक छातीच्या उंचीवर, एक अगदी बुडाशी. खालचा शिक्का महत्त्वाचा. झाड गेलं तरी तो थुटावर राहतो, आणि नंतर पाहणी करणाऱ्याला यादीबाहेरचं झाड पडलं का ते लगेच कळतं. आखूड दांड्याचं कारण मला इथेच दिसलं. ओणवं होऊन जमिनीलगत घाव घालायचा तर लांब दांडा मध्येच अडतो.

मग सरकारी हॅमर आज्याच्या पेटीत कसा? तो सरकारी नसावाच. 1927 च्या वन कायद्यात लाकडाच्या मालकीच्या खुणा नोंदवून घेण्याची तरतूद आहे. ठेकेदाराला आपली खूण ओंडक्यांवर मारता यायची. वनाधिकाऱ्यांची खूण मात्र खोटी मारली किंवा असलेली पुसली, तर त्याच कायद्याच्या कलम 63 खाली कैद किंवा दंड. आजा परतवाड्याला एका लाकूडवाल्याकडे ओंडके चिरायला होता. तिथलीच ही आद्याक्षरं असणार, असा माझा अंदाज आहे.

1974 ला मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, पुढे राखीव भागातली तोड आटली. पेटीतली बाकी अवजारं मी आजही वापरतो. याला मात्र हाताशी काम नाही, आणि तरी पेटीत सगळ्यात वजनदार तेच आहे.

पुतण्याला ते सरपण फाडायला पाहिजे आहे. त्याला सांगितलंय, ‘‘पात्याले धार लाव, दांडा बदल, माही काही ना नाही. पण तोंडावर कानस फिरवली तं पेटीची किल्ली मागू नको.’’