नेम चुकतो कोणाचा?

गेमिंग कन्सोलवर नेम चुकला कीं घरचीं माणसें आधीं मुलाच्या हातालाच दोष देतात. माझ्या नातवानें तर 'माझा हातच मंद' असें मानून मित्रांच्या सामन्यांतून अंग काढून घेतलें होतें. मीं न्यायशास्त्रांतला अन्वय-व्यतिरेक सुचविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि दोष जातो काय तें पाहावें. कन्ट्रोलर केबलनें जोडला, विलंब तसाच. टेलिव्हिजनचा 'गेम मोड' लावतांच तो गेला! सेकंदास 60 चित्रें दाखविणाऱ्या खेळांत एक चित्र सुमारें 16.7 मिलिसेकंद टिकतें. चित्र सुबक करण्याच्या नादांत टेलिव्हिजन अशीं कित्येक चित्रें मागें पडतो. (एवढ्या महाग सौंदर्याचें मला तरी कौतुक नाहीं.)

निशाण मात्र अजून आपोआप डावीकडे सरके. हा दोष कन्ट्रोलरचाच. दांडीखालच्या पोटेन्शिओमीटरचा पट्टा घासून झिजतो, मग दांडी सोडली तरी ती किंचित् कललेली आहे असें यंत्र समजतें. 'डेडझोन' वाढवितांच निशाण स्थिरावलें. पण हाताची बारीक हालचालही त्यांतच गडप होते, हें नातवानेंच हेरलें. चुंबकीय 'हॉल' संवेदकांत अशी घासण होत नाहीं. पुढचा कन्ट्रोलर तसाच आणावयाचा आहे.