आक्कांच्या फडताळातला डबा



करजगीत आम्ही तिघे-चौघे स्वयंसेवक दर गुरुवारी घरभेटीला जातो. गाव कलबुर्गी जिल्ह्यातले, अफजलपूर तालुक्यातले. बोलणे कन्नड-मराठी मिसळलेले, प्रार्थना ज्याला जी येते त्या भाषेत. मुलूख तुरीचा. गेल्या हंगामात तुरीला मर लागली, तेव्हा ज्या घरांत आम्ही जाऊन बसलो त्यांतले एक आक्कांचे. (गोष्ट लिहायला त्यांची परवानगी आहे, नाव लिहायला नाही.)

आक्कांना झोप येत नव्हती. छातीत धडधड, जेवणावर वासना नाही, कर्जाचा आकडा डोक्यातून जात नाही. आम्ही काय केले? फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचला, चिंता करू नका म्हणून सांगितले, प्रार्थना केली, चहा घेतला आणि उठलो. पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्या खेपेला आक्का म्हणाल्या, "आता बरं हाय." आम्ही ती साक्ष म्हणून रविवारी मंडळीत सांगितलीसुद्धा.

खरी गोष्ट वेगळी होती. पुण्यात कामाला असलेल्या लेकाने जिनसेंगच्या कॅप्सूलचा डबा पाठवला होता, टेन्शनवर चांगले म्हणून. आक्का साखरेच्या गोळीबरोबर रोज दोन कॅप्सूल घेत होत्या आणि डबा फडताळात पातेल्यामागे ठेवत होत्या. एका सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. त्यांना वाटले, काळजीच उसळली. आम्हालाही तेच वाटले. आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. शेजारच्या सुनेने मात्र साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने थरथर थांबली.

डॉक्टरांनी विचारले, "गोळीशिवाय आणखी काय घेता?" तेव्हा कुठे डबा बाहेर आला. यानेच झाले असे छातीठोक सांगता येणार नाही, ते म्हणाले. आदल्या रात्री आक्का जेवल्याही नव्हत्या. पण जिनसेंगने रक्तातली साखर उतरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी त्याचे जमत नाही. आणि गंमत पाहा, काहींची झोप त्यानेच उडते.

या मुळाची कीर्ती जुनी आहे. चीन-कोरियाकडे ते शतकानुशतके वापरतात. १७११ साली चीनमधल्या जार्तू नावाच्या येशूसंघी फादरांनी त्याचे वर्णन पत्रातून कळवले. ते वाचून कॅनडातल्या लाफितो फादरांनी तिथल्या रानात शोध घेतला आणि १७१६ मध्ये माँट्रियलजवळ त्याचे भाऊबंद झाड त्यांना सापडले. मोहॉक लोकांना ते आधीपासून ठाऊक होते. पुढे व्यापाऱ्यांनी रानेच्या राने उकरली. त्याच्या शास्त्रीय नावाचा, पॅनॅक्सचा, अर्थ सर्व रोगांवरचे औषध असा आहे. नावाने एवढे कबूल केले, पण काळजीवर ते चालते याचा पुरावा तोकडाच.

आमच्यातल्या एका भावाने लगेच सुचवले, मग अश्वगंधा घ्या, आपलीच वनस्पती आहे. बांधावरची ढोरगुंज, म्हणजे आस्कंध, तीच ही. तिला भारतीय जिनसेंग म्हणतात, पण दोघींचे कूळ वेगळे. ही वांग्या-मिरचीच्या कुळातली. तिच्याबद्दल थोडे बरे बोलता येते: छोट्या अभ्यासांत काही आठवड्यांच्या वापराने ताण कमी झाला, झोप सुधारली असे दिसले आहे. मात्र गरोदर बाईने ती घेऊ नये, थायरॉइडची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि काही जणांच्या यकृताला तिने त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. 'आपलीच' आहे म्हणून ती निर्धोक होत नाही. त्या भावाला हे पटायला जरा वेळ लागला.

पण आम्हाला बोचले ते मुळाचे नव्हे. आम्ही आक्कांना विचारले, "आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुमाला कसं सांगू? तुमी म्हणाला असता, इश्वास कमी पडला."

आम्ही खरोखरच तसे म्हणालो असतो. शब्द गोड वापरले असते एवढेच.

पवित्र शास्त्र आम्ही काही कमी वाचलेले नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा यशयाने प्रार्थनेचे उत्तर आणले आणि त्याबरोबर गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितले. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने बोधवचन सुनावले नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. लूक तर वैद्यच होता. हे सारे आम्ही संडेस्कूलला शिकवतो, आणि आक्कांच्या ओसरीवर विसरलो.

पुढच्या रविवारी आम्ही मंडळीत उभे राहून सांगितले की आधी दिलेली साक्ष आमची घाई होती. दोन माणसे उपासनेनंतर थांबली. एकाच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती, कुणी दिली ते तो सांगेना. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आम्ही दोघांनाही लिहून दिला. तिथे आपल्या भाषेतही बोलता येते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात असे कळले, म्हणून आमच्यातल्या दोघी आक्कांना घेऊन बसने निघाल्या. आक्कांनी रुमालात साखरेच्या गोळ्या, चिठ्ठ्या आणि तो डबा, सगळे एकत्र बांधले होते. बस हलली तशी त्या म्हणाल्या, "आज परार्थना हळूच करा, मला जरा झोप येतीया."