म्हणीचा अर्थ सांगा

मनोरुग्णाला म्हणीचा अर्थ विचारण्याची पद्धत मानसोपचारात जुनी आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय, या प्रश्नाला ‘अंगण नीट चोपून घ्यावे’ असे उत्तर आले, की अमूर्त विचार करण्याची शक्ती उणावल्याची खूण म्हणून त्याची नोंद होते. लक्षणा आणि व्यंजना शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही नोंद सहजासहजी पटत नाही. माझ्या आजीला शेकडो म्हणी येत. प्रसंग पाहून नेमकी म्हण टाकण्यात तिचा हात धरणारे घरात कोणी नव्हते. पण ‘अर्थ सांग’ म्हटले असते, तर ती नुसती हसली असती. म्हण वापरणे हे भाषेचे कौशल्य आहे. तिचा अर्थ सांगणे हे बव्हंशी शाळेचे.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत, असा मात्र नव्हे. रुग्णाच्या विस्कळीत बोलण्यात काव्य शोधणाऱ्या समीक्षकांचा मला पूर्वीपासून कंटाळा आहे. स्किझोफ्रेनियात भास आणि भ्रम औषधांनी ओसरल्यावरही अनेकांचे अवधान टिकत नाही, स्मरण दगा देते, कामाचा क्रम लावता येत नाही. नोकरी टिकेल की नाही, हे पुष्कळदा भासांपेक्षा यावरच ठरते. घरचे लोक त्याला आळस म्हणतात. तो आळस नव्हे, हे न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी दाखवू शकते. एखाद्या घरात एवढ्याने पुष्कळ काही बदलते. नैराश्यातही विचारांची गती मंदावते. शिवाय औषधांमुळे येणारा ताठरपणा व कंप घालविण्यासाठी दिलेली गोळीच कधी स्मरणाला बाधते. गुण कमी आले, एवढ्यावर कारण कळत नाही. ते शोधावे लागते.

एका स्नेह्यांच्या आग्रहावरून अशा काही चाचण्यांचे मराठी रूप मी वाचून पाहिले. एका मिनिटात ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगावयाचे, अशी एक चाचणी आहे. इंग्रजीत अक्षर सांगितले की काम भागते. मराठीत ‘किल्ला’ आणि ‘कुंपण’ चालतील काय? वर्णाचा विचार केला तर चालतील, पण बाराखडी घोकलेल्या मनाला ‘कि’ आणि ‘कु’ वेगळी वाटू शकतात. आणि ‘क्षमा’? तिचा उच्चार ‘क्’नेच सुरू होतो, वर्णमालेत मात्र ‘क्ष’ला आपण अगदी शेवटी बसविले आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी हा प्रश्नच उभा राहत नाही, म्हणून त्याला प्राण्यांची नावे विचारतात. इथे शेतकरी बाई सांगते: गाय, वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड, शेळी, बोकड, करडू. हे आठ प्राणी की दोन? शहरातला पदवीधर वाघ, सिंह, जिराफ म्हणतो आणि निर्वेध पुढे जातो. त्याने यांपैकी एकही प्राणी पाळलेला नसतो, ही गोष्ट वेगळी.

लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांना तर्काचे प्रश्न विचारले होते. उत्तरेकडे, जेथे बर्फ असते तेथे, सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण उत्तरेला आहे. मग तेथील अस्वले कोणत्या रंगाची? आपण तिकडे गेलेलो नाही, पाहिलेले नाही, अशा आशयाची उत्तरे त्याला मिळाली. शाळेत थोडे दिवस गेलेल्यांना तोच प्रश्न सोपा वाटला. हे शेतकरी रुग्ण नव्हते, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलण्यास नकार देणे हा बुद्धीचा दोष आहे, असे मला तरी म्हणवत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार वेगवेगळी प्रमाणके दिली आहेत. त्यामुळे निरक्षर स्त्रीची तुलना प्राध्यापकाशी होत नाही. ही मोठीच सोय झाली. पण प्रमाणके गुणांची असतात, उत्तरांची नव्हेत. ‘अंगण चोपून घ्यावे’ म्हणणारा आणि ‘अंगण माझ्यावर रागावले आहे’ म्हणणारा, दोघांनाही शून्यच मिळते. पहिल्याला कदाचित प्रश्नाची रीत ठाऊक नसेल; दुसऱ्याच्या बोलण्यामागे भय असू शकते. म्हणून रुग्णाचे उत्तर त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे, असे मी स्नेह्यांना सुचविले. त्यांच्या छापील तक्त्यात प्रत्येक उत्तरासाठी बोटभर चौकट होती. नव्या तक्त्यात त्यांनी ती काढून तेथे तीन रेघा मोकळ्या ठेवल्या आहेत.